मुखदुर्बळ माणसाचा गोतावळा

मराठीत मुखदुर्बळ हा एक फार नेमका शब्द आहे. मनात पुष्कळ असते, परंतु चार माणसांसमोर तोंड उघडत नाही, अशा माणसाला आपण मुखदुर्बळ म्हणतो. तो माणूसघाणा नव्हे. माणसे त्याला हवी असतात. माणसांपर्यंत जाण्याची वाट मात्र त्याला सापडत नाही. मी या महाविद्यालयात मराठी शिकवतो. दर वर्षी बीदर-भालकीकडून, कलबुर्गीकडून, उदगीर-देगलूरकडून जी मुले-मुली हैदराबादेत शिकायला येतात, त्यांत अशी दोन-चार तरी माझ्या दृष्टीस पडतात. ती मागच्या बाकावर बसतात, तास संपताच निघून जातात, स्नेहसंमेलनाच्या दिवशी खोलीवर झोपून राहतात. आपण त्यांना घुमे म्हणून सोडून देतो.

त्यांच्यासाठी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विषय सुचला तो सुलतान बाजारातून कोठीकडे जाताना. जुन्या रेसिडेन्सीच्या त्या भव्य वास्तूत १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय नांदत होते. २०२२ साली त्याचे महिला विद्यापीठ झाले आणि पुढे त्याला वीरनारी चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले. महिला विद्यापीठ ही दोन शब्दांची जोडी या देशात प्रथम ज्याने प्रत्यक्षात आणली, तो माणूस स्वभावाने अतिशय लाजाळू होता. धोंडो केशव कर्वे हे त्याचे नाव. भारतरत्न, महर्षी, एकशे चार वर्षांचे आयुष्य हे सर्व आपण शाळेत पाठ केलेले असते. पण चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या या गणिताच्या शिक्षकाने एवढा गोतावळा कसा जमवला, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

अण्णा कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला. घर मुरूडचे. दापोलीजवळ समुद्राच्या काठी नारळी-पोफळींत वसलेले हे लहानसे गाव. घरची स्थिती बेताची. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. मुलगा अंगाने किरकोळ आणि वृत्तीने बुजरा. आपल्या या भिडस्तपणाविषयी अण्णांनी पुढे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहिले आहे. त्यात त्यांनी कुठे स्वतःची कीव केली नाही, की त्या दोषाला गुणाचे रूप दिले नाही. आपण असे आहोत, एवढेच ते सांगतात.

मुरूडला सोमण नावाचे एक गुरुजी होते. शिकवण्यापलीकडे गावाचे काही देणे आपण लागतो, असे मानणारे हे शिक्षक. त्यांच्या सहवासात या बुजऱ्या मुलाला पहिले सार्वजनिक काम मिळाले. गावातल्या दुर्गादेवीच्या देवळात लोक जमत आणि हा मुलगा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मला या प्रसंगात पुढच्या साऱ्या आयुष्याची किल्ली दिसते. मुखदुर्बळ माणसाला आपल्या मनचे बोलायला सांगा, त्याची जीभ जड होते. त्याच्या हाती वाचायला कागद द्या, त्याचा आवाज फुटतो. कारण त्या वेळी लोकांचे लक्ष त्याच्याकडे नसते, कागदाकडे असते. सोमण गुरुजींनी जाणून केले की सहज, हे सांगता येणार नाही. पण मुलाला लोकांत उभे करायचे तर त्याला काहीतरी काम देऊन उभे करावे, हे त्यांनी साधले.

आणखी एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १८७५ साली मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायला अण्णा मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची चाल, मध्ये सह्याद्रीचा घाट. मुदतीत पोहोचण्यासाठी जिवाचे रान केले. आणि तेथे गेल्यावर परीक्षकांनी त्यांना परत पाठवले, कारण परीक्षेला सतरा वर्षे पुरी व्हावी लागत आणि हा मुलगा दिसायला लहान होता. वय खरोखर पुरे झालेले होते. एखादा धीट मुलगा असता तर तेथे अडून बसला असता, कोणा मोठ्या माणसाचा वशिला शोधता. अण्णा मुकाट्याने परत फिरले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरहून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. ही गोष्ट चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगतात. ती तशी आहेच. पण ज्याला आपली बाजू मांडता येत नाही त्याचे केवढे नुकसान होते, याचेही ते उदाहरण आहे. अशा माणसाला एक वर्ष जास्त लागते. शंभर मैल जास्त चालावे लागतात.

मॅट्रिकला बसेपर्यंत अण्णा तेवीस वर्षांचे झाले होते. लग्न पंधराव्या वर्षीच झालेले, पत्नी राधाबाई. मुंबईत रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. मुंबईसारख्या अफाट शहरात या कोकणी मुलाची माणसे किती? मोजकीच. त्यांत नरहरपंत जोशी हे जिवाभावाचे मित्र. दोघांनी मिळून बिऱ्हाड केले, एकमेकांच्या अडचणी वाटून घेतल्या. मला असे दिसते, की लाजाळू माणसाला शंभर ओळखी लागत नाहीत. एक खरा स्नेही पुरतो, आणि त्या एका दारातून पुढची माणसे आत येतात. अण्णांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले. नरहरपंतांच्या घरातूनच पुढे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी व्यक्ती आली.

मुंबईत शिकवण्या आणि मुलींच्या शाळांतून गणिताचे तास, अशी त्यांची उपजीविका चाले. त्याच काळात मुरूड सोडून बाहेर गेलेल्या मंडळींनी आपल्या उत्पन्नातला लहानसा वाटा गावासाठी द्यावा, असा मुरूड फंड त्यांनी सुरू केला. गाव सुटले, पण वर्गणीच्या दोरीने त्यांनी ते बांधून ठेवले. प्रत्येकाला भेटून गप्पा मारणे त्यांना जमणारे नव्हते. यादी करणे, पत्र लिहिणे, आलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवणे, हे जमणारे होते. जे जमते त्यानेच माणसे जोडायची, ही पद्धत येथे सुरू झाली.

१८९१ हे वर्ष दुःखाचे आणि उत्कर्षाचेही. राधाबाई वारल्या. मागे लहान मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या या एल्फिन्स्टनमधल्या सहाध्यायाला पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी बोलावले. गोखले, आगरकर यांच्यासारख्या वक्त्यांच्या मेळाव्यात हा अबोल मनुष्य जाऊन बसला. फर्ग्युसनमध्ये १९१४ पर्यंत त्यांनी गणित शिकवले. फळ्यावरच्या समीकरणाला वक्तृत्वाची गरज नसते.

आता त्या घटनेकडे येतो, जिच्यामुळे मला हा विषय या मुलांसाठी निवडावासा वाटला. नरहरपंतांची धाकटी बहीण गोदूबाई लहानपणी, लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा गोदूबाई ही त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा अण्णांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवले; पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले.

पुण्यातल्या सुधारकांनी कौतुक केले. मुरूडने केले नाही. गावात सभा भरली आणि अण्णांवर बहिष्कार पडला. ते ज्या सभेत असतील तेथे कोणी बसू नये; आई-वडिलांनी त्यांना घरात ठेवून घेतले, तर त्या घरावरही बहिष्कार, असा तो ठराव. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. बोलक्या, हिंडत्या-फिरत्या माणसाला एका गावाने टाकले तर तो दुसऱ्या गावात दहा घरे जोडतो. परंतु ज्याचे सारे आपलेपण एका गावात, एका आळीत, एका देवळाच्या ओवरीत साठवलेले आहे, त्याला गावाने टाकणे म्हणजे काय? ज्या देवळात त्याने लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्या गावच्या बैठकीत आता त्याच्या शेजारी बसणे हा अपराध ठरला. ज्या गावासाठी त्याने फंड उभा केला, तेथे आईच्या हातचे जेवण तिच्यासाठी संकट झाले.

अण्णांनी यावर भांडण केले नाही. पत्रकबाजी केली नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हते. त्यांनी इतकेच पाहिले, की आपल्यासारखी टाकलेली घरे आणखी आहेत. पुनर्विवाह केलेल्या जोडप्यांना कोणी पंगतीला बसवत नाही, त्यांच्या मुलांना सवंगडी मिळत नाहीत. लग्न लागेपर्यंत सुधारकांची गर्दी असते. लग्नानंतर ते दोन जीव एकटे उरतात. १८९३ च्या अखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि अण्णा तिचे चिटणीस म्हणून राबू लागले. पुढे तिचे नाव विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. नावातला हा फरकही त्यांच्या वृत्तीला साजेसा आहे. कोणाला पुढे ढकलायचे नाही, फक्त वाटेतली आडकाठी काढायची. या मंडळीने पुनर्विवाहित कुटुंबांचे मेळावे भरवले. ज्यांना कोणाच्या घरी बोलावणे नव्हते, ती घरे एकत्र आली. मुले एकमेकांत खेळली. जातगोत तुटलेल्यांना नवे गोत मिळाले. सुट्ट्या लागल्या की अण्णा गावोगाव फिरून सभासद आणि वर्गणी मिळवत.

येथे कोणी विचारील, की जो मनुष्य परक्याशी बोलायला कचरतो, तो दारोदार वर्गणी कशी मागतो? याचे उत्तर मला अण्णांच्या चरित्रातून असे मिळाले. स्वतःसाठी मागायचे असते तेव्हा भिडेची भिंत उभी राहते. दुसऱ्यासाठी मागताना ती नाहीशी होत नाही, पण तिच्यात दार पडते. अण्णांचा संकोच गेला असे कोणी सांगत नाही. तो अखेरपर्यंत होता. त्यांनी संकोच जाण्याची वाट पाहिली नाही, एवढेच. हातात पावतीपुस्तक घेतले की मी कोण, हा प्रश्न मागे पडतो आणि हे काम कशाचे, एवढाच प्रश्न उरतो. नाही म्हणणाऱ्याशी ते वाद घालत नसत. एक रुपया देणाऱ्याचाही हिशेब ठेवत.

१८९६ साली १४ जूनला अनाथ बालिकाश्रम निघाला. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करावे हा हेतू. पुनर्विवाहाच्या चळवळीशी आश्रमाची गल्लत झाली तर आई-बाप मुलींना पाठवणार नाहीत, हे ओळखून अण्णा मंडळीच्या चिटणीसपदावरून बाजूला झाले. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि तीवर एक झोपडी. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी माळरानातून, चिखलातून हिंगण्याची वाट धरायची, मुलींना शिकवायचे, पहाटे पुन्हा पुण्याला यायचे, असा क्रम चालला. आश्रमाला लागणारे सामानही ते बरोबर नेत. ती झोपडी आजही जपून ठेवलेली आहे आणि त्या भागाला आता कर्वेनगर म्हणतात.

या झोपडीत जमलेल्या माणसांकडे नीट पाहावे. सगळ्याच कोणत्या ना कोणत्या पंगतीतून उठवलेल्या. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले हे त्यांतले ठळक नाव. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मूल, अक्षरओळख नाही. आश्रमात त्या शिकल्या, व्यवस्था पाहू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देऊन पैसा गोळा करू लागल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकल्या. अण्णांना जे बोलता येत नव्हते ते पार्वतीबाईंनी बोलून दाखवले. मुखदुर्बळ माणूस संस्था काढतो तेव्हा असे घडू शकते. तो स्वतः सारी जागा व्यापत नाही, म्हणून इतरांना जागा मिळते.

परंतु चरित्र लिहिताना फक्त आरती ओवाळू नये. या गोतावळ्याची किंमत अण्णांच्या घराने मोजली. साठवलेला पैसा त्यांनी आश्रमाला दिला, विम्याची पाच हजारांची पॉलिसीही दिली. घरात बाया आणि मुले. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, संसाराला हातभार लावला, मंडळीसाठी स्वतः वर्गणीही जमवली. माझे पुराण या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे कोकणी रोखठोकपणे लिहिले आहे. जगाला आपलासा वाटणारा हा माणूस घरी फारच थोडा सापडत असे, हे त्या पुस्तकातून कळते. अबोल माणसाचा अबोलपणा घरच्यांना सर्वांत जास्त सोसावा लागतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घुम्या माणसांचे गोडवे गाऊन त्यांच्या आप्तांना विसरणे न्यायाचे होणार नाही.

४ मार्च १९०७ रोजी महिला विद्यालय निघाले. आपल्या हैदराबादेत केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेक वर्धिनी सुरू केली तीही १९०७ सालीच. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १९०८ रोजी, अण्णांनी निष्काम कर्म मठ स्थापिला. संस्थांना आयुष्य वाहून घेणाऱ्या सेवकांचे हे मंडळ. त्यांनी शपथ घ्यायची, संस्था देईल त्यात भागवायचे, आपसांत कलह टाळायचा. मठ हा शब्द आज जुनाट वाटेल. मला मात्र यात एक शहाणपण दिसते. ज्याला माणसांतले न बोललेले संकेत पटकन उमगत नाहीत, त्याला मोकळ्या मैफलीपेक्षा नियम असलेले मंडळ सोयीचे वाटते. तेथे कोणी काय करायचे, कोणाशी कसे वागायचे, हे ठरलेले असते. आपले स्वागत होईल की नाही ही धाकधूक राहत नाही. अण्णांनी आयुष्यभर ज्या संस्था काढल्या त्या एका अर्थी अशाच होत्या. त्यांना मैफल जमवता येत नव्हती. त्यांनी घटना लिहिल्या, आणि लिहिलेल्या घटनेभोवती माणसे जमली.

१९१५ साली मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अध्यक्षाला भाषण करावे लागते. काही काळापूर्वी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिच्या आधारे त्यांनी भारतातही असे विद्यापीठ हवे, अशी कल्पना त्या भाषणात मांडली. देवळात वर्तमानपत्र वाचणारा मुलगा येथे पुन्हा दिसतो. हाती कागद, आणि त्या कागदात दूरदेशची बातमी. ३ जून १९१६ रोजी विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. पहिल्या वर्षी कॉलेजात आलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले.

१९२९ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान, आणि पुढे आफ्रिका. इंग्रजीत व्याख्याने द्यायची, विद्यापीठासाठी मदत मागायची. बर्लिनमध्ये त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. आफ्रिकेत तेथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांनी त्यांना मदत केली. मुरूडच्या बैठकीतून उठवलेला माणूस आता खंडोखंडीच्या बैठकींत बसत होता. तरी जे लोक त्यांना भेटले त्यांना दिसला तो मितभाषी, साधा, हिशेबी म्हातारा.

उतारवयातही त्यांनी मंडळे काढणे सोडले नाही. १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, १९४४ साली समता संघ. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली शंभराव्या वाढदिवसाच्या वर्षी भारतरत्न. त्याच वर्षी त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. हयात असताना हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे त्यांच्या थोरल्या मुलाची आठवण टाळता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले, खटले सोसले, दंड भरले. त्यांच्याभोवती वडिलांसारखा गोतावळा कधी जमला नाही. काळाने त्यांचे म्हणणे पुढे मान्य केले, पण ते हयात असताना नव्हे. तेव्हा चांगले काम करा म्हणजे माणसे जमतीलच, असा हमखास नियम मी सांगू शकत नाही. वडिलांच्या कामात इतरांना करण्याजोगे पुष्कळ होते. वर्गणी द्यावी, शिकवावे, मुलीला पाठवावे, निदान एक टोपली धान्य पोहोचवावे. मुलाच्या कामात इतरांना पत्करायला जोखीम तेवढी होती. दोन्ही कामे मोलाची; पण गोतावळा पहिल्याभोवती जमतो.

आता आपल्या सुलतान बाजाराकडे येऊ. हा भाग १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून इंग्रजांच्या अखत्यारीत होता. त्या वर्षी तो निजामांकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. निजामी अंमलात सभा भरवायची, ग्रंथालय काढायचे तर शंभर अडथळे. या बाजारात थोडा मोकळा श्वास घेता येई. म्हणून १८९२ साली आर्य समाज येथे आला, १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय येथे निघाले, आणि मराठी मंडळींच्या शाळा, वाचनालये, मंडळे याच परिसरात रुजली. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळे परगावचे लोक. सरकार दरबारी उर्दू, घरात आपली बोली. बाजारात सौदा करता येत होता, पण मनातले बोलायला जागा नव्हती. ती जागा या संस्थांनी दिली. म्हणजे एक माणूसच नव्हे, एक अख्खा भाषिक समाजही मुखदुर्बळ असू शकतो, आणि तोही वाचनालय, वर्गणी, शाळा याच मार्गाने बोलता होतो.

मी स्वतः शिकायला या शहरात आलो तेव्हा याच भागातल्या एका माडीवर राहत होतो. खाली कापडाच्या दुकानांची गर्दी, आणि माझी दोन-दोन दिवस कोणाशी चार वाक्ये होत नसत. वाचनालयात जाऊ लागलो तोही पुस्तकासाठीच. एका वयस्क गृहस्थांनी फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायला बसवले. खळीने हात भरलेले असताना कोणी कोणाकडे फारसे पाहत नाही. तीन महिन्यांनी माझ्या ध्यानात आले, की त्या टेबलाभोवतीची पाच माणसे मला नावाने हाक मारतात. त्यांतला एक कन्नड भाषक, एक तेलुगू. आमचे संभाषण बहुधा खळ, दोरा आणि कात्री यांविषयीच होई. त्यावर ओळख झाली आणि ती टिकली.

म्हणून मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी धीट व्हा, मिसळा, बोला असा उपदेश करणार नाही. तो त्यांनी पुष्कळ ऐकला आहे आणि त्याने कोणाची जीभ सैल झालेली मी पाहिली नाही. त्याऐवजी आपल्या सहकारी प्राध्यापकांना आणि वाङ्मयमंडळाच्या पदाधिकाऱ्यांना विनंती करतो. व्यासपीठावर कोण चढेल, हे आपण दर वर्षी विचारतो. वर्गणीची वही कोण ठेवील, भित्तिपत्रकाचे अक्षर कोण काढील, वाचनालयातली यादी कोण उतरवील, हेही विचारावे, आणि ते त्या मुलांना नावाने हाक मारून विचारावे. सोमण गुरुजींनी मुरूडच्या देवळात एका मुलाच्या हाती वर्तमानपत्र दिले, तेव्हा त्यातून काय निघेल हे त्यांना ठाऊक नव्हते.

या अंकाच्या मराठी विभागाच्या मुद्रितांवर या वर्षी नजर फिरवायची आहे, कन्नड विभागाच्याही आहेत. दोन्हींना माणसे कमी पडतात. बोलावे लागत नाही. तांबडी पेन्सिल महाविद्यालयातून मिळेल.